पानपिंपरीचा आढावा : औषधी रसायनशास्त्रातील आढावा लेख कसा लिहितात?

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीपासून अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हाऱ्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याचा जो पट्टा आहे, तेथे पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरीचे मळे दिसतात. आयुर्वेदातील पिप्पली ती हीच. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते, हे अनेकांना घरच्या औषधांवरून ठाऊक असते. या वेलाची हिरवी फळे हाताने तोडून उन्हात वाळवतात आणि मग ती बाजारात जातात.

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एक विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या प्रकल्पाविषयी विचारायला माझ्याकडे आली. घरी पानपिंपरीचा मळा होता. तिच्या हातात एका नियतकालिकातील आढावा लेख होता. पानपिंपरीतील पायपरलॉंग्युमाइन नावाचा रेणू कर्करोगाच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लावत नाही, असे त्यात ठामपणे लिहिले होते. आधार दिला होता ‘नेचर’मधील २०११ सालच्या एका शोधनिबंधाचा. मुलीचे वडील सोबत होते. त्यांनी सरळच विचारले, “मंग आपली पिंपरी क्यान्सरवर चालते काय, सर?” त्यांच्या शेजारी कोणी आजारी होते, म्हणून ते विचारत होते.

आम्ही मूळ शोधनिबंध उघडला. त्याच्यावर एकामागून एक दुरुस्त्या छापल्या गेल्या होत्या आणि अखेर २०१८ साली तो मागे घेण्यात आला होता. मुलीच्या हातातला आढावा लेख त्यानंतर प्रसिद्ध झालेला होता. तरीही त्यात या माघारीचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मुलीची दोन वर्षे आणि एका आजारी माणसाची आशा या दोन्ही गोष्टी त्या न लिहिलेल्या एका वाक्यावर टांगलेल्या होत्या.

आढावा लेख म्हणजे काय, तो कसा तयार करतात आणि नियतकालिकाकडे कसा पाठवतात, हे आपण या पानपिंपरीच्याच उदाहरणाने पाहू.

यादी आणि आढावा

शोधनिबंधात संशोधक स्वतः केलेल्या प्रयोगांची हकिगत सांगतो. आढावा लेखात तो इतरांनी केलेल्या कामाचा हिशेब मांडतो. एखाद्या प्रश्नावर आजवर काय काय झाले, त्यातले कोणते पक्के, कोणते कच्चे, कोठे परस्परविरोध आहे आणि पुढे कोणता प्रयोग करायला हवा, हे त्याने सांगायचे असते. प्रयोगशाळेत नव्याने येणारा विद्यार्थी सर्वांत आधी आढावा लेखच वाचतो. म्हणून त्यातील चूक एका माणसापुरती राहत नाही.

माझा स्वतःचा पहिला आढावा लेख चाल्कोन या संयुगांवर होता. विदर्भातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चाल्कोनवर पुष्कळ काम होते, कारण ॲसिटोफिनोन आणि बेंझाल्डिहाइड यांच्या कुळातील संयुगे अल्कलीच्या सान्निध्यात एकत्र आणली की ते तयार होतात. महागडी उपकरणे लागत नाहीत. मी दीडशेच्या आसपास निबंध गोळा केले आणि ‘अमक्याने हे केले, तमक्याने ते केले’ अशा थाटात तीस पाने लिहिली. चारच दिवसांत लेख परत आला. संपादकांच्या पत्राचा मथितार्थ असा होता, की हे सगळे आम्हाला शोधयंत्रावरही सापडते; तुमचे मत काय? त्या वेळी राग आला. आज वाटते, त्याहून चांगला धडा मला कोणी दिला नाही.

विषय अरुंद हवा

‘पानपिंपरीचे औषधी गुण’ हा आढाव्याचा विषय होऊ शकत नाही. तो ग्रंथाचा विषय आहे. ‘पायपरलॉंग्युमाइनच्या रेणूतील कोणता भाग त्याच्या पेशीमारक क्रियेला जबाबदार आहे?’ हा विषय होऊ शकतो, कारण तो प्रश्न आहे आणि त्याला उत्तर असू शकते. विषय एका प्रश्नार्थक वाक्यात लिहिता येत नसेल, तर तो अजून ठरलेला नाही असे समजावे.

त्यानंतर या प्रश्नावर गेल्या चार-पाच वर्षांत कोणी आढावा लिहिला आहे का, ते पाहावे. लिहिला असेल तर आपण त्यात कोणती भर घालणार, हे स्पष्ट हवे. एवढे झाल्यावर पूर्ण लेख लिहिण्याआधी संपादकांना एक-दोन पानांचा प्रस्ताव पाठवणे श्रेयस्कर. अमेरिकन केमिकल सोसायटीचे ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ हे १९५९ पासून निघते. त्यात आढाव्याच्या लेखांना ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणतात आणि त्यासाठी आधी प्रस्ताव द्यावा लागतो. अशा नियतकालिकांना लेखकाचे त्या विषयातील स्वतःचे थोडे काम असावे, अशीही अपेक्षा असते. ज्याने तो रेणू कधी बनवला नाही, त्याला तो बनवताना काय बिघडते हे सहसा कळत नाही.

शोध कसा घ्यावा

एकाच वस्तूला अनेक नावे असणे ही शोध घेणाऱ्याची पहिली अडचण. पिप्पली, पिंपळी, लेंडी पिंपळी, पानपिंपरी ही बोलीतील नावे. पायपर लॉंगम हे शास्त्रीय नाव. रेणूंच्या बाबतीतही हेच होते. पायपरलॉंग्युमाइनलाच पिप्लार्टिन असेही नाव आहे. एकाच नावाने शोध घेतला तर निम्मे साहित्य हातून निसटते. उलट पायपरलॉंग्युमिनिन हा मात्र वेगळाच रेणू आहे. चटर्जी आणि दत्ता यांनी १९६७ साली ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात या दोन्ही रेणूंची रचना व संश्लेषण यांची माहिती दिली होती. एका अक्षराच्या फरकाने दोन रेणूंचे गुण एकमेकांच्या नावावर चढू शकतात.

शोधाची नोंद ठेवावी : कोणत्या तारखेला, कोणत्या संग्रहात, कोणते शब्द वापरून शोधले, किती निबंध मिळाले, त्यांतले किती वगळले आणि का वगळले. उद्या दुसऱ्या कोणी तोच शोध घेतला, तर त्याला तेच सापडायला हवे. प्रयोगाच्या बाबतीत आपण जी अट घालतो तीच ही अट आहे.

जुने साहित्य टाळू नये. हळदीच्या पेटंटची गोष्ट शिक्षकांना माहीत असेल. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबाबत अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. त्यांनी नवा प्रयोग केला नाही. ३२ जुने संदर्भ शोधून पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उल्लेख होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. नीट केलेल्या साहित्यशोधाचे वजन किती असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पूर्वी अकोला-अमरावतीच्या संशोधकाला एकेका निबंधासाठी नागपूर, पुणे, मुंबईच्या ग्रंथालयांकडे धाव घ्यावी लागे. आता ‘पबमेड’वर निबंधांचे सारांश कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्यात आली आहेत. ज्यांना ती सोय नाही, त्यांनी लेखकालाच पत्र पाठवून प्रत मागावी. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात. मात्र केवळ सारांश वाचून कोणत्याही निबंधाचा संदर्भ देऊ नये.

एकाच मापाने मोजावे

आता गोळा केलेल्या निबंधांचा तक्ता करायचा. रेणू, प्रयोगाची पद्धत, कोणत्या पेशी किंवा कोणते जंतू, किती मात्रा, तुलनेसाठी कोणते ज्ञात औषध घेतले, आणि निकाल, असे रकाने पाडावेत. येथे एककांचा घोळ हमखास होतो. कोणी मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितो, कोणी मायक्रोमोलर. औषधाची क्रिया रेणूंच्या संख्येवर अवलंबून असते, म्हणून सर्व आकडे मायक्रोमोलरमध्ये आणावेत. सूत्र सोपे आहे : मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमधील आकड्याला १००० ने गुणून रेणुवस्तुमानाने भागावे.

दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम ही मात्रा घेऊ. पायपरीनचे रेणुवस्तुमान २८५, म्हणून त्याचे द्रावण सुमारे ३५ मायक्रोमोलर होईल. पायपरलॉंग्युमाइनचे ३१७, म्हणून सुमारे ३२. हळदीतील कर्क्युमिनचे ३६८, म्हणून सुमारे २७. वजन सारखे असले तरी रेणूंची संख्या सारखी नाही. अकरावीच्या विद्यार्थ्याला जमेल असे हे गणित आहे. पण ते न केल्यामुळे छापील आढाव्यांतही चुकीच्या तुलना झालेल्या मी पाहिल्या आहेत.

जंतुनाशक गुणाची चाचणी हे दुसरे उदाहरण. अगारवर जंतू वाढवून त्यावर संयुगात भिजवलेली कागदी चकती ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेले जे वर्तुळ दिसते त्याचा व्यास मोजतात. हे वर्तुळ संयुग किती प्रभावी आहे यावर अवलंबून असते, पण ते अगारमध्ये किती सहज पसरते, अगारचा थर किती जाड आहे आणि चकतीत किती संयुग होते यांवरही अवलंबून असते. म्हणून अमरावतीतल्या १४ मिलिमीटरची तुलना दुसऱ्या गावच्या १६ मिलिमीटरशी करून ‘दुसरे संयुग अधिक चांगले’ असे म्हणता येत नाही. चकतीचाच व्यास साधारण ६ मिलिमीटर असतो, हेही ध्यानात ठेवावे. जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा मोजली असेल, तर तो आकडा तुलनेला अधिक उपयोगी पडतो.

टक्केवारीचेही तसेच आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. ते रक्तात जवळजवळ आढळलेच नाही. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा असंख्य आढाव्यांत आणि जाहिरातींत आला आहे. परंतु जवळजवळ शून्याच्या वीसपट म्हणजे किती, हे सांगणारे लेखक थोडे. आढावा लिहिणाऱ्याने टक्केवारीच्या शेजारी मूळ मोजमाप दिलेच पाहिजे.

साक्ष तपासणे

तक्ता झाला म्हणजे पुरावा गोळा झाला. आता त्याची पारख करायची. तुलनेसाठी ज्ञात औषध वापरले होते का? प्रयोग किती वेळा केला? संयुग पुरेसे शुद्ध होते का? पेशींवर दिसलेला परिणाम प्राण्यांत आणि मग माणसांत तपासला गेला का? आणि संयुग चाचणीलाच फसवत तर नव्हते ना?

शेवटचा प्रश्न थोडा समजावून सांगायला हवा. काही रेणू स्वतः रंगीत असतात, काही प्रकाश शोषतात, काही समोर येईल त्या प्रथिनाशी अभिक्रिया करतात. ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘गुणकारी’ दिसतात. २०१० साली बेल आणि हॉलोवे यांनी अशा रचना ओळखण्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. २०१७ साली कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कर्क्युमिनचा आढावा घेतला. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी गुप्तता पाळून केलेल्या तुलनात्मक चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेले नाही, ते अस्थिर आणि अभिक्रियाशील आहे, शरीरात फारसे शोषले जात नाही, असे त्यांनी लिहिले. हळदीवर प्रेम असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचताना बरे वाटत नाही. पण हजारो निबंधांच्या ढिगाऱ्यापुढे उभे राहून ‘यातून औषध मिळालेले नाही’ असे पुराव्यानिशी सांगणे, हेच आढाव्याचे काम आहे. हळद स्वयंपाकात वाईट आहे असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

मागे घेतलेले निबंध ओळखणे आता अवघड नाही. पबमेडवर तशी ठळक सूचना दिसते. ‘रिट्रॅक्शन वॉच’ने जमवलेली अशा निबंधांची सूची २०२३ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. लेख पाठवण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक संदर्भ पुन्हा एकदा तपासावा. मात्र एक निबंध मागे घेतला गेला म्हणून तो रेणूच निकामी ठरत नाही. त्या निबंधाचा आधार सोडायचा आणि इतर प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे केलेले काम त्याच्या गुणदोषांवर तपासायचे, एवढाच त्याचा अर्थ.

मांडणी : रचना आणि क्रिया

औषधी रसायनशास्त्राच्या आढाव्याचा कणा म्हणजे रचना आणि क्रिया यांचा संबंध. निबंध सालवारीने मांडण्यापेक्षा रेणूच्या भागांनुसार मांडावेत. पायपरलॉंग्युमाइनच्या रेणूत दोन ठिकाणी कार्बन-कार्बन दुहेरी बंध कार्बोनिल गटाला लागून आहे. असा बंध पेशीतील गंधकयुक्त रेणूंशी, उदाहरणार्थ ग्लुटाथायोनशी, जोडला जाऊ शकतो. वलयातील दुहेरी बंध काढून टाकला तर पेशीमारक क्रिया फार कमी होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले. पायपरीनच्या वलयात हा बंध नाही. एकाच वेलातले दोन रेणू वेगळे का वागतात, याचा धागा येथे सापडतो. पण त्याचबरोबर प्रश्नही उभा राहतो : इतका अभिक्रियाशील बंध रोगाच्या पेशींपुरताच थांबेल कशावरून? आढावा असा पुढच्या प्रयोगाकडे बोट दाखवतो.

रचनांच्या आकृत्या स्वतः काढाव्यात. दुसऱ्याच्या निबंधातील आकृती जशीच्या तशी घ्यायची तर प्रकाशकाची परवानगी लागते. दुसऱ्याची वाक्येही उचलू नयेत. चार शब्द बदलल्याने ती आपली होत नाहीत. संगणकाच्या भाषायंत्राकडून मजकूर लिहून घेण्याची सोय आता हाताशी आली आहे. ही यंत्रे अस्तित्वात नसलेले संदर्भही अगदी खऱ्यासारखे तयार करून देतात. अनेक प्रकाशक अशा मदतीचा उल्लेख करायला सांगतात आणि यंत्राला लेखक मानत नाहीत. जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते.

पाठवण्याची वेळ

नियतकालिक निवडताना घाई करू नये. आठ दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा, अशी पत्रे प्रत्येक प्राध्यापकाला येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली होती. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. आता पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आहे. त्या नियतकालिकातील चार लेख आपण स्वतः वाचावेत, संपादक मंडळातील माणसे त्या विषयात काम करतात का ते पाहावे, आणि परीक्षणाची पद्धत कशी आहे ते तपासावे. पैसे न घेता छापणारी चांगली नियतकालिके आजही आहेत.

लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवतात. सोबत संपादकांना छोटे पत्र असते : प्रश्न कोणता, हा आढावा आत्ता का हवा, आधीच्या आढाव्यांहून वेगळे काय. लेखकांपैकी कोणी काय काम केले आणि कोणाचे आर्थिक हितसंबंध गुंतले आहेत का, हेही लिहावे लागते. ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखक म्हणून घालू नये, मग तो विभागप्रमुख का असेना.

संपादकांना लेख योग्य वाटला तर तो दोन-तीन परीक्षकांकडे जातो. त्यांचे अभिप्राय यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. उत्तर देताना परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली आपण काय बदलले ते लिहावे. पटले नाही तर कारण देऊन नम्रपणे तसे सांगावे. परीक्षक हा आपला पहिला काळजीपूर्वक वाचक असतो. त्याला जे कळले नाही, ते पुढच्या वाचकालाही कळणार नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर

मुलीच्या वडिलांना त्या दिवशी मी जे सांगितले ते असे : “काकाजी, पिंपरीतला एक रेणू काचेच्या भांड्यातल्या पेशी मारतो. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो, असे कोणी दाखवलेले नाही. उलट पिंपरीतले पायपरीन इतर औषधे शरीरात मोडण्याचा वेग कमी करते. त्या गुणाचा उपयोग करून क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनसोबत पायपरीन असलेले औषध २००९ साली भारतात आलेही. पण दवाखान्याचे औषध चालू असलेल्या रोग्याने डॉक्टरांना न सांगता पिंपरीचे चूर्ण घेतले, तर त्या औषधाचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढू शकते. त्यांना आधी डॉक्टरांना विचारू द्या.” त्यांनी मान डोलावली. मुलीने प्रकल्पाचा विषय सोडला नाही. फक्त मागे घेतलेल्या निबंधाचा आधार सोडला आणि पहिले दोन महिने निबंध तपासण्यात घालवले.

शाळेतही हे करून पाहता येईल. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ‘तुळस’ किंवा ‘हळद’ यांविषयी वर्तमानपत्रात आलेले पाच दावे कात्रणांसह आणायला सांगावेत. प्रत्येक दाव्यापुढे चार रकाने पाडावेत : हे कोणी सांगितले, कशावर तपासले, किती मात्रेत तपासले, आणि कशाशी तुलना केली. बहुतेक रकाने रिकामे राहतील. ते रिकामे रकाने ज्याला दिसू लागले, त्याला आढावा लेख लिहिण्याची पहिली पायरी जमली असे समजायला हरकत नाही.